दोरी किती लांब असावी?

जुन्नर तालुक्यात राहणाऱ्या माणसाला दिवेलागणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. सूर्य कलला की आमच्या डिंगोऱ्यात शेळ्या गोठ्यात घेतल्या जातात, गोठ्याला कडी लागते आणि त्याच सुरात मुलांनाही घरात बोलावले जाते. बाहेरगावच्या माणसाने ऐकले तर कोणती हाक शेळीसाठी आणि कोणती पोरासाठी, हे त्याला चटकन ओळखता येणार नाही. दोन्ही हाकांमागे एकच भीती असते, बिबट्याची.

ही भीती कल्पनेतली नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा अशी धरणे झाली, शिवारात पाणी आले आणि पाण्याबरोबर ऊस आला. उसाच्या दाट फडात बिबट्याला लपायला जागा मिळाली. गावातली कुत्री, शेळ्या, वासरे ही आयती शिकार मिळाली. बिबट्याची मादी उसातच पिल्ले घालते आणि तोडणीच्या हंगामात ती तोडकऱ्यांना सापडतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभे करावे लागले, ते यामुळेच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले गेली, तेव्हा या भागातल्या कोणत्याही घरात आईबापांना धड झोप लागली नसेल.

अशा मुलखात मुले वाढवताना एक प्रश्न रोज समोर उभा राहतो. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याला राखायचे, म्हणजे किती बांधायचे? शेळीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. मुलाच्या बाबतीत ते तसे नाही. कारण शेळी शेवटपर्यंत आपल्याच दावणीला राहणार असते, मुलाला मात्र एक दिवस आपल्याशिवाय चालायचे असते.

या भीतीने आमच्या घराला एक गोष्ट मात्र दिली आहे. सातच्या आत सगळे घर एका खोलीत जमते. चुलीवर बाजरीची भाकरी फुगत असते, लसणाच्या चटणीचा वास सुटलेला असतो. थोरली मुलगी धाकट्याकडून मराठीत पाढे म्हणवून घेते आणि दादी शेंगा फोडता फोडता तेच आकडे आपल्या दखनीत मोजते. चहाचा दुसरा घोट, गरम भाकरीचा पापुद्रा कोणाला मिळायचा यावरून होणारे भांडण, वीज गेली की अंगणाच्या उंबऱ्यावर बसून मोजलेल्या चांदण्या, एवढीच आमच्या घरची श्रीमंती. त्यातच गोष्टी सांगणे येते. शाळेत दिवसभर उर्दू शिकवून घरी आल्यावर पुन्हा उर्दूतलीच गोष्ट सांगायची, आणि तरी कंटाळा येत नाही, हे एक नवलच!

या गोष्टींत डॉ. झाकिर हुसेन यांची ‘अब्बूखाँ की बकरी’ वरचेवर येते. झाकिरसाहेब १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याआधी १९२६ पासून १९४८ पर्यंत त्यांनी जामिया मिल्लिया सांभाळली आणि १९३७ च्या वर्धा योजनेतील मूलोद्योगी शिक्षणाच्या समितीचे ते अध्यक्ष होते. पण उर्दू वाचणाऱ्या मुलांसाठी ते आधी गोष्ट सांगणारे आहेत. लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलीचे नाव, रुकय्या रेहाना, टोपणनाव म्हणून घेऊन त्यांनी मुलांच्या गोष्टी लिहिल्या. ज्या बापाने लेक गमावली तो तिच्याच नावाने दुसऱ्यांच्या मुलांशी बोलत राहिला, हे ध्यानात ठेवून ही गोष्ट वाचली तर तिचा अर्थ अधिक खोल जातो.

गोष्ट थोडक्यात अशी. अल्मोड्याच्या डोंगराळ भागात अब्बूखाँ नावाचा एकटा म्हातारा शेळ्या पाळतो. शेळ्या दोर तोडून डोंगरावर पळतात आणि लांडगा त्यांना खातो. शेवटी तो चांदनी नावाची देखणी शेळी आणतो, तिला कुंपणाच्या आत लांब दोरीने बांधतो, लाड करतो. तरी ती झुरते आणि डोंगरावर जाऊ द्या म्हणते. तो लांडग्याची भीती घालतो, तिला कोठडीत कोंडतो. पण खिडकी उघडी राहते. चांदनी डोंगरावर एक दिवस मनमुराद जगते, रात्री लांडग्याशी पहाटेच्या अजानपर्यंत झुंजते आणि मरते. झाडावरच्या चिमण्या म्हणतात लांडगा जिंकला. एक म्हातारी चिमणी मात्र म्हणते, चांदनी जिंकली.

मूळ कथा फ्रेंच लेखक अल्फाँस दोदे यांची. त्यांच्या १८६९ च्या पुस्तकात ती आहे. नोकरीचा आधार नाकारून स्वतंत्र राहू पाहणाऱ्या एका कवीला इशारा देण्यासाठी ती सांगितली आहे. तिकडे शेळी मरते आणि गोष्ट संपते. म्हातारी चिमणी झाकिरसाहेबांची. एका चिमणीने इशाऱ्याची गोष्ट स्वातंत्र्याची करून टाकली. पारतंत्र्यातल्या देशाला ही चिमणी हवीच होती.

शाळेत ही गोष्ट सांगितली की मुले चांदनीच्या बाजूने उभी राहतात. घरी सांगितली तेव्हा थोरलीने विचारले, “अब्बू, मग त्या अब्बूखाँचं काय झालं?” धाकट्याने आपल्या परीने उत्तर दिले, “दुसरी शेळी आणली असेल.” सगळे हसले. पण तिचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. चांदनी जिंकली की लांडगा, याचा वाद चिमण्या घालतात. दोरी धरणाऱ्याचा विचार त्या झाडावर कोणी करत नाही. आणि आईबाप झाल्यावर गोष्टीत आपली जागा तीच असते.

मग आम्ही अब्बूखाँकडे नीट पाहू लागलो. तो दुष्ट नाही. त्याची भीती खरी आहे, लांडगाही खरा आहे. दोरी त्याने लांब ठेवली होती. तरी दोन गोष्टी खटकतात. पहिली अशी की, तो एकटा आहे आणि शेळ्यांवाचून त्याला करमत नाही. त्याच्या दोरीत चांदनीची काळजी किती आणि स्वतःच्या एकटेपणाची भीती किती, हे त्याने कधी वेगळे करून पाहिलेले दिसत नाही. दुसरी अशी की, त्याने चांदनीला लांडग्याची भीती दिली, ओळख दिली नाही. लांडगा कुठून येतो, कोणत्या वेळी येतो, अंधार पडण्यापूर्वी कुठे पोहोचावे, हे तिला कोणी शिकवले नाही. म्हणून तिच्यापुढे दोनच वाटा उरल्या, कोठडी किंवा मरण. या दोहोंमध्ये वाट नव्हती असे नाही. ती कोणी घातली नव्हती.

यावरून दोरीची एक कसोटी आम्हांला सापडली असे वाटते. दोरी बांधण्यापूर्वी विचारावे, ही कोणासाठी? मुलाच्या भल्यासाठी, की आपली झोप मोडू नये म्हणून? दोन्ही कारणे असतात आणि दुसऱ्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण दुसऱ्या कारणाला पहिल्याचे नाव देणे हे अप्रामाणिकपणाचे आहे. मूल ती फसवणूक ओळखते आणि मग खऱ्या धोक्याच्या वेळीही आपला शब्द मानत नाही.

लांडग्याची भीती बाळगणारा आणखी एक बाप आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. सूरह यूसुफमध्ये मुले धाकट्या यूसुफला खेळायला घेऊन जाऊ म्हणतात, तेव्हा हजरत याकूब बोलून दाखवतात की त्याच्या जाण्याने मन दुःखी होते आणि लांडगा त्याला खाईल अशी धास्ती वाटते. तरी ते त्याला पाठवतात. यूसुफला विहिरीत टाकले ते त्याच्याच भावांनी. लांडग्याचे फक्त नाव पुढे झाले. पुढे अनेक वर्षांनी तेच वडील उरलेल्या मुलांना मिसरला पाठवताना सांगतात की एकाच दाराने शिरू नका, वेगवेगळ्या दारांनी जा. आणि लगेच म्हणतात की अल्लाहच्या निर्णयापुढे माझे काही चालणार नाही. एवढे पोळल्यावरही त्यांनी मुलांना पाठवले, आणि पाठवताना जे सांगता येण्यासारखे होते ते सांगितले. काळजी आपल्या हाती आहे, परिणाम नाही. बापाची नैतिक जबाबदारी काळजीची आहे. परिणामाचीही हमी आपणच द्यायची असे ठरवले, तर कोठडीशिवाय दुसरा उपाय उरत नाही.

आमच्या तालुक्याचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. पूर्वी येथे बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, पकडायचा आणि दूरच्या जंगलात सोडायचा, असा उपाय होता. विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागातल्या नोंदी तपासून २०११ मध्ये दाखवून दिले की, असे स्थलांतर सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले. पकडलेले जनावर अनोळखी मुलखात एकदम सोडले जाते. तिथल्या वाटा, तिथले पाणी, तिथली माणसे त्याला ठाऊक नसतात. आम्हांला यात मुलांविषयीही एक धडा दिसतो. अठरा वर्षे कडीत ठेवलेले मूल एका दिवशी पुण्या-मुंबईला शिकायला सोडले, तर त्याचेही असेच होते. दोरी वाढवायची ती ओळखीच्या शिवारात, हात दोन हात करत, आपण जवळ असताना.

आता प्रत्यक्षातला प्रसंग. थोरलीची सातवी गावातल्या मराठी शाळेत झाली. पुढे दोन पर्याय होते. आमच्याबरोबर एस.टी.ने येऊन आम्ही शिकवतो त्या उर्दू शाळेत बसायचे, किंवा गावातल्या मैत्रिणींबरोबर ओतूरच्या विद्यालयात जायचे. तिला मैत्रिणींबरोबर जायचे होते. हिवाळ्यात परतीच्या एस.टी.तून उतरेपर्यंत उजेड ओसरतो आणि रस्त्यापासून घरापर्यंतची वाट उसातून जाते. शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाने मायेनेच म्हटले, “गुरुजी, पोरीची जात. तुमच्याबरोबर असली म्हंजी घोर न्हाई.”

आम्ही कसोटी लावली. उर्दू शाळेसाठी आमच्याकडे चांगली कारणे होती. भाषा आमची, साहित्य आमचे, ज्या भाषेवर पोट भरतो ती लेकीला पुरती यावी ही इच्छाही रास्त. पण रोज तासभर ती शेजारच्या आसनावर बसेल, हा मोहही त्यात होता. तो आमचा होता, तिचा नव्हे. उर्दू तिला घरी शिकवता येते. मैत्रिणी घरी आणून देता येत नाहीत. आणि ‘पोरीची जात’ हा मुद्दा बिबट्याला लागू पडत नाही. तो मुलगा-मुलगी पाहत नाही. मुलाची दोरी लांब आणि मुलीची आखूड ठेवताना आपण नाव बिबट्याचे घेतो, पण भीती बहुधा दुसऱ्याच कशाची तरी असते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती, असे नोंदवले आहे. आणि आपल्या मुली मागे राहण्याचे कारण म्हणून त्या अहवालाने धर्माऐवजी गरिबीकडे आणि जवळ शाळा नसण्याकडे बोट दाखवले. आपल्या घरच्या दोरीने त्या कारणांत आणखी एकाची भर घालू नये.

ती ओतूरला जाते. चौघी मुली एकत्र उतरतात, बॅटरी दप्तरात असते, उसाच्या कडेने मोठ्याने बोलत येतात, चप्पल तुटली तरी वाटेत वाकून बसत नाहीत. हे नियम त्यांनी पाठ केलेले नाहीत. का ते समजून घेतलेले आहेत. हिवाळ्यात चौघींपैकी कोणाच्या ना कोणाच्या घरचे माणूस फाट्यावर उभे असते. धास्ती गेली का? गेली नाही. पण त्या धास्तीचे ओझे तिच्या दप्तरात टाकायचे नाही, ते आपले आपण वाहायचे, एवढे आम्ही शिकलो. बाप होणे यालाच म्हणत असावेत.

त्या बदल्यात जे मिळते तेही सांगायला हवे. आता संध्याकाळच्या गोष्टी आम्ही सांगत नाही, ती सांगते. एस.टी.त कोण भांडले, प्रयोगशाळेत काय फुटले, कोणत्या मैत्रिणीच्या डब्यात काय होते. दादी शेंगा फोडायचे विसरून ऐकते. बांधून ठेवलेल्या मुलाकडे सांगायला एवढे काही नसते.

ईदचे कपडे शिवताना मुलांचे माप दर वर्षी नव्याने घ्यावे लागते. मागच्या वर्षीच्या मापावर कोणी शहाणा माणूस कुर्ता बेतत नाही. टेप हातात असताना दोरीचेही माप घ्यावे. मूल किती वाढले ते पाहावे, धोका कोणता ते पाहावे आणि आपली भीती त्यात किती मिसळली आहे तेही पाहावे. एखाद्या वर्षी ती तशीच ठेवावी लागेल, एखाद्या वर्षी हातभर वाढवावी लागेल. पण न मोजता जुन्याच मापावर चालत राहू नये, एवढेच आम्ही वाचकांना सुचवू इच्छितो.