मनाचे गुपित, मोबाइल आणि अमानत



म्हसवडमधील एखादे घर डोळ्यांपुढे आणा. माणगंगेच्या काठचा हा दुष्काळी मुलूख. मेंढरे, घोंगड्या आणि पावसाची वाट पाहणे यांवर इथल्या कित्येक पिढ्या जगल्या. घरातील मुलगी बारावीला आहे. तहज्जुदसाठी उठलेल्या आईला तिच्या पांघरुणाखाली मोबाइलचा उजेड दिसतो. मुलगी मुसमुसत आहे आणि तिची बोटे भराभर काहीतरी लिहीत आहेत. गेले दोन महिने तिचे जेवण कमी झाले आहे, मैत्रिणींकडे जाणे थांबले आहे, विचारले तर ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. सकाळी ती अंघोळीला गेली की मोबाइल उशीजवळ पडलेला असतो. तो उघडण्याची खूण आईला ठाऊक आहे.

आईने तो उघडावा का?

या प्रश्नाला दोन टोके आहेत. मुलगी आपले दुःख कोणाला सांगत आहे, हे एक; आणि ते जाणून घेण्याचा अधिकार कोणाला आहे, हे दुसरे. दोन्ही टोके ‘अमानत’ या एकाच शब्दाला बांधलेली आहेत, असे मला वाटते.

परंतु त्याआधी एका गैरसमजाची वाट मोकळी करावी लागेल. आपल्या घरांत अजूनही म्हटले जाते की, ईमान पक्के असेल तर मन खचतच नाही. नमाज वाढवा, सगळे ठीक होईल. नमाजने अंतःकरणाला आधार मिळतो, यात शंका नाही. पण पवित्र कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.स.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या शोकाने पांढरे झाल्याचे वर्णन आहे. ते अल्लाहचे प्रेषित होते. त्यांच्या ईमानात उणीव होती, असे कोण म्हणेल? आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील ज्या वर्षी हजरत खदीजा (रजि.) आणि चुलते अबू तालिब यांचे निधन झाले, त्या वर्षाला इतिहासाने ‘दुःखाचे वर्ष’ असेच नाव दिले. अल्लाहने उपचाराविना कोणताही आजार उतरवलेला नाही, ही बुखारी शरीफमधील हदीस केवळ शरीराच्या आजारापुरती मर्यादित करण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वसुरींनीही ती तशी मर्यादित केली नव्हती. इ.स. ९३४ मध्ये निधन पावलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. ज्याचे कारण माणसाला ठाऊक असते ते दुःख आणि ज्याचे कारण सापडत नाही ते दुःख, असा भेद त्यांनी त्यात केला. कैरोमध्ये १२८४ साली उभ्या राहिलेल्या मन्सूरी रुग्णालयात मनाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष होता. हे सारे विसरून आपण जिन्नाचे नाव घेत ताईत शोधू लागलो, तर दोष कोणाला द्यायचा?

म्हसवडच्या मुलीला डॉक्टर मिळणे मात्र सोपे नाही. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चारच : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. जिल्ह्याचे ठिकाण सातारा. तिथे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि एसटीत कोणी ओळखीचे भेटले तर ‘कुठे निघालात?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, मनाच्या निरनिराळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारापर्यंत पोहोचत नसल्याचे आढळले. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. तो आकडा लिहिताना हात थांबतो.

ही दरी तंत्रज्ञानाने काही अंशी बुजू शकते. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज भासल्यास तो पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतो. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही प्रेषितांची (स.) शिकवण तिर्मिजीमध्ये आली आहे. हा क्रमांक त्या दोरीसारखाच मानावा. दूरवरचा आवाज या गावाला परकाही नाही; ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे समुदाय नभोवाणी केंद्र इथूनच चालते.

काही मुलींना वेगळीच भीती असते. आपले दुःख सांगताना घरच्यांच्या चुका सांगाव्या लागतील. मग ती गीबत, म्हणजे पाठीमागची निंदा, ठरणार नाही का? याचे उत्तर हजरत हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांच्या प्रसंगात आहे. पती अबू सुफियान खर्चाला पुरेसे देत नाहीत, अशी तक्रार त्यांनी प्रेषितांकडे (स.) केली. प्रेषितांनी (स.) त्यांना गप्प केले नाही, रीतीप्रमाणे पुरेल एवढे घेण्याचा मार्ग दाखवला. मदत मिळवण्यासाठी आवश्यक तेवढे सांगणे गीबतमध्ये मोडत नाही, असे इमाम नववींसारख्या विद्वानांनी स्पष्ट केले आहे.

आता अमानतीकडे येऊ. ज्याचा सल्ला घेतला जातो तो विश्वस्त असतो, असे हदीस सांगते. म्हणजे ऐकणाऱ्याच्या माथी भार येतो. ऐकलेल्या शब्दाचा त्याला अल्लाहपुढे जाब द्यावा लागणार आहे. समुपदेशक माणूस आहे, तो हा भार उचलू शकतो. भारताचा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ देखील रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालतो; जीविताला धोका असल्यास आवश्यक तेवढीच माहिती उघड करण्याची त्यात मुभा आहे.

पण आपली मुलगी मध्यरात्री माणसाशी बोलत नसेल तर? माणसासारखी उत्तरे देणारे चॅटबॉट आज प्रत्येक मोबाइलवर येऊन बसले आहेत. ते थकत नाहीत, ओरडत नाहीत, ‘लोक काय म्हणतील’ असे विचारत नाहीत. मुलांना ते जवळचे वाटतात, यात मुलांचा दोष मी मानत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलिझा’ नावाचा असा पहिला कार्यक्रम रचला. तो समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारी, एवढेच. तरी त्यांच्या स्वतःच्या सचिव बाईंनी, ज्यांनी तो तयार होताना पाहिला होता, थोडे संभाषण होताच त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली! मनाला ऐकणारा हवा असतो. तो खरा आहे की नाही, हे पाहण्याइतके भान दुःखात राहत नाही.

सूरह अहजाबमध्ये येते की अमानत आकाश, धरती आणि पर्वतांपुढे ठेवली गेली. त्यांनी ती उचलण्यास नकार दिला आणि माणसाने ती उचलली. यंत्राची गणना पर्वतांच्या बाजूलाच होईल. ते श्वासाचा व्यायाम शिकवील, झोपेची नोंद ठेवील, योग्य क्रमांक दाखवील. तेवढे काम त्याच्याकडून अवश्य घ्यावे. जबाबदार मात्र ते ठरू शकत नाही. त्याच्यामागे उभ्या असलेल्या कंपन्या ठरू शकतात, आणि तिथे सावध राहण्याचे कारण आहे. ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने लोकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना दिली, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला. त्या प्रकरणात कंपनीने ७८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले.

मग आईचे काय? सूरह हुजुरातमध्ये तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याची गुपिते हुडकणे, मना केले आहे. आई-वडिलांना यातून सरसकट सूट आहे असे समजण्याकडे आपला कल असतो. दुसरीकडे, तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला आपल्या कळपाविषयी विचारले जाईल, ही हदीसही आपल्यापुढे आहे. माणदेशात राखणदार म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. मेंढरू मागे पडू लागले, चरेनासे झाले की मेंढपाळ चालीवरूनच ओळखतो आणि त्याच्यापाशी जाऊन बसतो. आईनेही दोन महिने ती चाल पाहिलीच आहे. ‘काही नाही’ या उत्तरावर आपण थांबलो, हे तिला स्वतःला कबूल करावे लागेल. मोबाइल उघडणे त्या मानाने सोपे आहे. पण मुलीला ते कळले, की घरात विश्वासाने बोलण्याची उरलीसुरली जागाही जाईल.

अर्थात, मुलीने जगणे नको झाल्याचे सूचित केले असेल, निरोपाची भाषा ती बोलू लागली असेल, तर प्राण वाचवणे शरीअतमध्ये सर्वांच्या वर आहे. तेव्हा मोबाइल उघडावा, तिला एकटे सोडू नये, ताबडतोब डॉक्टर गाठावा आणि नंतर आपण काय केले ते तिला स्वतःहून सांगावे.

तशी वेळ आलेली नसेल, तर तो मोबाइल उशीजवळच राहू द्यावा. १४४१६ हा क्रमांक केवळ दुःखी मुलांसाठी नाही. मुलीशी बोलायला सुरुवात कशी करावी, हे आईलाही तिथे विचारता येते. मुलगी कॉलेजला गेल्यावर, जुहरच्या आधी घर जरा शांत असते. तेव्हा आपल्या मोबाइलवरून तिने तो लावावा.