पाण्याच्या दोन वाटा

चुडाव्यात परसातला भाजीचा वाफा आखताना पावसाचा विचार दोन्ही अंगांनी करावा लागतो. पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरच्या या गावाची जमीन काळी, कापसाची. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. वैशाखात पाण्यासाठी आसुसलेली हीच माती श्रावणात झड लागली की पाणी सोडत नाही. मग मुळांना हवा मिळत नाही, मिरची पिवळी पडते, हळदीला कंदकूज लागते. म्हणून मी सपाट वाफे सोडून गादीवाफे करायला लागलो.

पहिली कुदळ मारण्याआधी मी जमिनीचा उतार पाहतो. एखादी मोठी सर पडताना अंगणात उभं राहिलं की पाणी कुठे थांबतं आणि कुठून निघून जातं, ते कळतं. सऱ्या त्या धोरणाने काढायच्या. वाफ्याची रुंदी साडेतीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. पायाने दाबलेली काळी माती पुन्हा मोकळी करणं फार कष्टाचं असतं. उंची वीतभर. खोदाई वाफसा असतानाच करायची; चिखलात खोदलेली माती वाळली की दगडासारखी ढेकळं होतात. भरपूर कुजलेलं शेणखत मिसळायचं. कडेला विटा नुसत्या रचायच्या. सिमेंटने जोडल्या तर फुगणारी-आकसणारी माती त्या जोडाला तडे देते.

ही युक्ती मोठ्या शेतीतही सिद्ध झाली आहे. १९७२ हे महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचं वर्ष. त्याच वर्षी परभणीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था उभी राहिली. इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित केली: एक मीटरचा वरंबा, अर्ध्या मीटरची सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी बाहेर पडतं; कमी झाला तर तेच पाणी सरीत रेंगाळून मुरतं. आज मराठवाड्यात सोयाबीन या पद्धतीने पेरण्याची शिफारस केली जाते.

दुष्काळाच्या आठवणी असलेल्या आपल्या भागात पाणी अडवण्याचा विचार पुष्कळ झाला, आणि तो हवाच. पण पाऊस आता लांबतो आणि आला की एकाच दिवसात कोसळतो. अशा वेळी पाणी साठवण्याइतकीच त्याला बाहेर जायची वाट देणंही शेतकऱ्याची जबाबदारी आहे. गादीवाफा हे दोन्ही एकाच आखणीत साधतो, म्हणून नव्याने परसबाग करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: बियाणं नंतर आणा, आधी सरी आखा.