न परतलेल्याचे सुतक धरावे काय?

आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात उभे राहिले म्हणजे टाळमृदंगाच्या घोषातूनही एक आवाज वारंवार कानी येतो. ध्वनिक्षेपकावरून कोणी पुकारीत असते, अमुक गावची म्हातारी चुकली आहे, तिच्या माणसांनी येऊन तिला न्यावे. थोड्या वेळाने मुलगा धावत येतो, म्हातारी आधी त्याला रागे भरते आणि मग त्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडते. बहुतेकांची चुकामूक अशी घटकाभराची. परंतु सज्जनहो, आपल्या देशात अशीही घरे आहेत की ज्यांचे माणूस रणांगणावर चुकले आणि पन्नास वर्षे पुकारा करूनही उत्तर आले नाही. प्रेत मिळाले नाही, पत्र आले नाही. सरकारी कागदावर एकच शब्द पडला, बेपत्ता.

माणूस गेल्याचे दुःख मोठेच; पण त्याला वाट असते. दहावा होतो, तेरावा होतो, अस्थी चंद्रभागेत सोडतात, पिंडाला कावळा शिवतो की नाही हे सारी भावकी पाहत बसते. रडायला दिवस नेमलेले आहेत आणि डोळे पुसून कामाला लागायलाही. बेपत्ता माणसाच्या घरी यातले काहीच नाही. सुतक धरावे तर जित्या माणसाचे अशुभ चिंतल्यासारखे होते. न धरावे तर, न जाणो, त्याचे पाणी राहून गेले अशी हुरहुर लागते. मग मनाला प्रश्न पडतो की, ही वाट पाहणे निष्ठा म्हणावी की मोह?

प्रश्न आजचा नव्हे. महाभारताच्या स्त्रीपर्वात धृतराष्ट्र धर्मराजाला विचारतो, युद्धात किती पडले? धर्मराज पडलेल्यांचा आकडा सांगतो आणि त्यापुढे आणखी एक आकडा निराळा सांगतो. २४,१६५ वीर ‘अलक्ष्य’, म्हणजे जे दृष्टीस पडले नाहीत ते. एवढ्या संहारातही व्यासांनी त्यांना मेलेल्यांच्या राशीत ढकलून दिले नाही. त्यांची वेगळी मोजदाद ठेवली.

कोणी म्हणेल, “अहो, आत्मा मरत नाही असे भगवंतांनी सांगितले आहे ना? मग शोक कशाचा?” हे बोलायला सोपे आहे. ज्या अर्जुनाने गीता ऐकली तोच अर्जुन तेराव्या दिवशी अभिमन्यू पडल्यावर धाय मोकलून रडला. आणि भगवंत तर त्याच्या शेजारीच होते! त्यांनी त्याला हिणविले नाही, सावरले. बेपत्ता मुलाच्या आईचा प्रश्न तर आत्म्याविषयी नसतोच. तिला एवढेच विचारायचे असते की, आज तो जेवला असेल का रे? थंडीचे त्याच्या अंगावर पांघरूण असेल का? त्यावर वेदान्त सांगणे म्हणजे तहानेल्याला विहिरीची खोली सांगणे.

महाराष्ट्राने हे दुःख पुरते भोगले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण पार्वतीबाईंचे मन ते मानेना. त्यांनी सौभाग्यलेणे उतरविले नाही. १७८३ साली त्यांचा देह पडला, तोवर बावीस वर्षे त्या वाटच पाहत होत्या. या आशेवर डोळा ठेवणारेही निघाले. ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे जमली, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. आशा माणसाला जगवते खरी. पण तिच्या उघड्या दारातून चोरही आत येतो.

अलीकडची गोष्ट घ्या. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. त्यात विमानदलातील फ्लाईट लेफ्टनंट विजय तांबे मोहिमेवर गेले ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्या वेळी ढाक्याच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्या नावाशी जुळणारे एक नाव छापून आले होते, आणि तेवढ्या एका धाग्यावर आशा टांगून राहिली. बाईंनी दुसरा संसार मांडला नाही. ‘५४ बेपत्ता’ म्हणून ज्यांची यादी प्रसिद्ध आहे त्यांत हेही नाव आहे. असे कोणी आपल्याकडे नाही, हेच पाकिस्तान सांगत आले. २००७ साली काही कुटुंबीय तिकडचे तुरुंग पाहून आले; हाती काही लागले नाही. पुराणातली दमयंती रानोमाळ नळाला शोधीत हिंडली आणि शेवटी तिला तो भेटला. या दमयंतीला कोणता धर्म सांगावा?

शास्त्राने यावर विचार केलेला आहे. परदेशी गेलेल्याची बारा वर्षे वार्ता न आल्यास पळसाच्या ३६० पानांचा पुतळा करून संस्कार करावा, असा पालाशविधी सांगितला आहे. कायद्याची मुदत सात वर्षांची. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मयत धरावा, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही राहिला आहे. आता नीट पाहा. ‘तो मेला’ असे यांपैकी कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. दोघेही म्हणतात, “बाई, पुष्कळ वाट पाहिलीस. आता तसे धरून चालायला मोकळीक आहे.” ही मोकळीक आहे, सक्ती नाही. म्हणून पोराबाळांच्या पोटासाठी पेन्शनच्या कागदावर ‘मयत’ या शब्दाखाली जिने सही केली, तिने नवऱ्याचा घात केला असे मुळीच नाही. आणि जिने सही केली नाही ती वेडी असेही नाही.

पाप आहे ते भोवतालच्यांचे. कोणी म्हणतो, कुंकू पुस. कोणी म्हणतो, अजून कुंकू लावतेस कशी? तिच्या कपाळाचा निवाडा गावाने का करावा? करमाळ्याकडील कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला. जिचा नवरा गेला हे ठाऊक आहे तिलाही जर सक्ती नको, तर जिला काहीच ठाऊक नाही तिला कशी असावी?

आता मोह कोणता आणि निष्ठा कोणती? आपल्या मंगळवेढ्याची कथा आठवा. गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. कोणाचे हाड कोणते, काही ओळखू येईना. नामदेवराय तेथे गेले, एकेक अस्थी कानाशी धरली, आणि जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती पंढरीस आणून महाद्वारापाशी समाधी दिली, असे आपली परंपरा सांगते. ‘माती ती माती, शोधायचे काय’ असे नामदेवराय म्हणाले नाहीत. आपल्या माणसाला शोधणे ही भक्तीच आहे. देवही विटेवर उभा राहून युगानुयुगे भक्तांची वाटच पाहतो. त्याला कोणी मोह म्हणत नाही. मात्र गेलेल्याच्या वाटेकडे डोळे लावून घरातल्या जित्या लेकरांकडे पाठ फिरवली, धाकट्याचे लग्न, लेकीचे बाळंतपण सुने केले, तर तेथे मोह शिरला असे समजावे.

अशा घरातल्या माउलीला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. पालख्या नातेपुते, माळशिरस, वेळापूर, अकलूज अशा आपल्या सोलापूर जिल्ह्यातील गावांतून जातात, तेव्हा त्याच्या नावाने एका वारकऱ्याला ज्वारीची भाकरी आणि पिठले वाढावे. तो नसेल तर ते त्याला पोचले. तो कोठे असेल तर त्यालाही कोणी परकी आई असेच वाढत असेल, अशी प्रार्थना त्यात आहे. तो आहे की नाही, हे ठरविल्यावाचून करता येईल असे हे एक कर्म आहे, आणि दोन्ही परी ते खरे आहे. वाढताना त्याचे नाव मोठ्याने घ्यावे. जेवणाऱ्याने विचारले, “कोण गं आई हा?” तर सांगावे, “माझा लेक. चुकलाय.”

रामकृष्णहरि.