टाकलेले खेळणे आणि राहून गेलेला निरोप

टाकून दिलेले खेळणे सूड घेण्यासाठी परत येते, ही कल्पना भयकथेने इतकी वापरली आहे की तिच्यामागील नैतिक प्रश्न सहसा दृष्टीआडच राहतो. अचेतन वस्तूचा अपराध घडू शकतो काय? जिला वेदना नाही तिच्यावर अन्यायही होत नाही, हे उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. खेळण्याच्या बाबतीत मात्र ते अपुरे वाटते. मुलाने त्याला नाव दिलेले असते, आवाज दिलेला असतो, त्याला ताप आला म्हणून कपाळावर पट्टीही ठेवलेली असते. हे चैतन्य आरोपित असेल. पण जे दिले ते परत केव्हा घेतले, याची नोंद कोठेच नसते.

ब्रिटिश मनोविश्लेषक डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा जिवलग वस्तूंची मीमांसा केली. त्यांच्या मते ही वस्तू विसरली जात नाही आणि तिचा शोकही केला जात नाही. तिचा अर्थ हळूहळू विरत जातो. विनिकॉट यांना यात निकोप वाढीची खूण दिसते. लोकमानस इतके निश्चिंत नाही. ज्याचे दिवस घातले नाहीत तो घराभोवती घोटाळतो, ही समजूत येथे आठवावी.

रिल्केने १९१४ साली, लोटे प्रित्झेल हिच्या मेणाच्या बाहुल्या पाहिल्यानंतर लिहिलेल्या निबंधात हे नाते उलटे केले आहे. तेथे कटुता मालकाची आहे. बालपणीची सारी माया बाहुलीने गिळली आणि उलट काहीच दिले नाही, हा त्याचा आक्षेप. मग खेळण्याच्या तोंडी घातलेला राग मुळात कोणाचा, असा संशय येथून बळावतो.

'टॉय स्टोरी ३' (२०१०) या चित्रपटातील लॉट्सो हे गुलाबी अस्वल या संदर्भात विशेष विचारार्ह ठरते. डेझी ही त्याची मालकीण. सहलीत ती झोपी जाते, आईवडील तिला घेऊन निघतात आणि खेळणी मागे राहतात. लॉट्सो सोबत्यांसह घरापर्यंत पोचतो, तो खिडकीतून तिच्याजवळ हुबेहूब त्याच्यासारखेच दुसरे अस्वल दिसते. सोबत्यांना तो सांगतो की तिने सर्वांच्याच जागा भरल्या आहेत. हे असत्य असते. बदलला गेलेला तो एकटाच. आपली उपेक्षा एकट्याची असू नये म्हणून इतरांनाही उपेक्षित ठरवावयाचे, ही कटुतेची खरी रीत येथे फार नेमकी पकडली आहे. त्याचा क्रोध डेझीपर्यंत कधीच पोचत नाही. तो दुबळ्या खेळण्यांवर उतरतो. पुढे मात्र पटकथा सैल पडते. लॉट्सो पुरता खलनायक होऊन कचऱ्याच्या ट्रकच्या तोंडाला बांधला जातो, आणि त्याची मूळ तक्रार त्याच्याबरोबर निकालात निघते. सूडकथेची सोय हीच : खेळणे दुष्ट ठरले की टाकणारा निर्दोष सुटतो. (१९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये तर बाहुल्यात खुन्याचाच आत्मा शिरलेला असतो; खेळण्याचे स्वतःचे गाऱ्हाणेच तेथे उरत नाही.)

जपानी परंपरेने या गाऱ्हाण्याची अधिक गंभीर दखल घेतली. मुरोमाची काळातील 'त्सुकुमोगामी' चित्रपटात वर्षअखेरच्या झाडलोटीत फेकलेली अवजारे पिशाचरूप होऊन माणसांवर उलटतात. शेवटी बौद्ध दीक्षेने त्यांना बुद्धत्वही लाभते. तोक्योच्या उएनो भागातील कियोमिझु कान्नोन मंदिरात दरवर्षी २५ सप्टेंबरला जुन्या बाहुल्यांसाठी विधी होतो. प्राणप्रतिष्ठा झालेली पार्थिव गणेशमूर्ती उत्तरपूजेशिवाय जागची हलवावयाची नाही, हा संकेत मराठी वाचकास परिचितच आहे. भातुकलीतल्या बाहुलीचे लग्न थाटात लागते, वरातही निघते. तिच्या उत्तरपूजेचा विधी मात्र त्या खेळात कोणी घातलेला नाही.