जामीनदार चेहरा

कवितेला जामीनदार चालतो का? आमच्या कर्जखात्यात हा प्रश्न कधी आला नाही, म्हणून इथे काढतो.

अंबर टॅम्बलिन ही अमेरिकन नटी. तिची ‘जोन ऑफ आर्केडिया’ ही मालिका 2003 ते 2005 चालली आणि 2005 सालीच तिचा ‘फ्री स्टॅलियन’ हा कवितासंग्रह निघाला. वाचक कोण, तर कॉलेजच्या उंबरठ्यावरची पोरं. शिवाय वडील रस टॅम्बलिन, ‘वेस्ट साइड स्टोरी’ या 1961 च्या चित्रपटातले. म्हणजे जामीनदार दोन आणि दोघेही तालेवार!

शेजारच्या टेबलावरचे आमचे सहकारी म्हणतात, “अहो, खपलं असेल तोंडाकडे बघून.” असेलही. तितक्याच चांगल्या कविता लिहिणाऱ्या बिनओळखीच्या मुलीची वही माळ्यावर पडते, हा अन्यायच. पण मंडळी, जामीनदाराच्या सहीवर कर्ज मंजूर होतं, हप्ते मात्र कर्जदारालाच फेडावे लागतात. चेहरा फार तर पहिलं पान उलटून देईल, पुढची पानं कवितेनेच उलटवायची. आणि एरवी कवितेच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी पोरगी त्या चेहऱ्यापायी चार ओळी वाचत असेल, तर त्या चेहऱ्यावर मी तरी फुली मारणार नाही.

पुढे 2015 साली तिचं ‘डार्क स्पार्कलर’ आलं. अकाली गेलेल्या नट्यांवरच्या कविता. शॅरन टेट, ब्रिटनी मर्फी... जगाने ज्यांचं फक्त तोंडच पाहिलं, अशा बायका. आमच्या सहकाऱ्यांनी आपलं ते वाक्य या पुस्तकासमोर पुन्हा म्हणून दाखवावं.