मेले बेटावरचं मरण

माणसाला कशाची तरी सुरुवात करायची असली की दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक 'अमुक कसे करावे' सांगणारे, आणि दुसरे 'अमुक या वयात कशाला करता' विचारणारे. पहिल्या प्रकारच्यांची पुस्तकं विकत घ्यावी लागतात. दुसरे फुकट असतात आणि बहुधा आपल्याच मजल्यावर राहतात. पण कॉम्प्युटरवरचा साहसाचा खेळ ही एक अशी चीज आहे, की तिथे पहिल्या प्रकारच्या सल्लागाराला कामच नाही. सुरुवात कुठून करायची हे शोधून काढणं, हाच तर खेळ!

माझ्या कॉम्प्युटरवर हा खेळ भाच्याने घालून दिला. "मामा, यात गोळीबार नाही, घड्याळ नाही, घाई नाही. पेन्शनरांना सोयीचा आहे," एवढं बोलून तो गेला. खेळाचं नाव 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'. मूळचा १९९० सालचा, लुकासफिल्म गेम्स या कंपनीचा. टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांना हाताशी घेऊन रॉन गिल्बर्ट यांनी रचलेला. माझ्याकडे आली ती २००९ ची नव्याने रंगवलेली आवृत्ती. तिच्यात एक बटण दाबलं की जुनी खडबडीत चित्रंही दिसतात. तरुणपणीचा फोटो दाखवावा तशी ही सोय मला फार आवडली.

नायकाचं नाव गायब्रश थ्रीपवुड. वुडहाउसच्या वाचकांना थ्रीपवुड हे आडनाव लॉर्ड एम्सवर्थच्या घराण्याचं म्हणून ओळखीचं असेल, आणि हा पोरगा त्या घराण्यात शोभलाही असता. त्याला चाचा व्हायचं आहे, म्हणजे समुद्रावरचा लुटारू. अनुभव शून्य, तलवार नाही, जहाज नाही. दहा मिनिटं श्वास रोखून धरता येतो, एवढं एकच क्वालिफिकेशन. तो ज्या बेटावर उतरतो त्याचं नाव मेले. लिहिण्यात माझी काही चूक नाही, उच्चारच तसा आहे. आणि गंमत अशी, की या मेले बेटावर कुणी मरत नाही. एक भूत चाचा आहे म्हणा, पण तो येतानाच मेलेला आहे.

गायब्रश तिथल्या गुत्त्यात जातो. तीन वजनदार चाचे दारू ढोसत बसलेले असतात. ते त्याला तीन परीक्षा घालतात: तलवारबाजी, चोरी आणि गुप्तधन शोधणे. यातली कुठली आधी द्यायची, हे आपलं आपण ठरवायचं. पडद्याच्या तळाशी क्रियापदं मांडलेली असतात. उचल, दे, वापर, उघड, बंद कर, बघ, ढकल, ओढ, बोल. नऊ क्रियापदांत संसार! त्यातलं 'उचल' हे सर्वांत महत्त्वाचं. दिसेल ते उचलायचं. गुत्त्याच्या स्वयंपाकघरातलं भांडं उचलायचं, कारण पुढे सर्कशीतल्या तोफेतून उडताना ते हेल्मेट म्हणून लागतं. रबरी कोंबडी घ्यायची. तिच्या मधोमध एक कप्पी बसवलेली असते. का, ते विचारायचं नाही. पुढे एका बेटावर तारेवरून घसरत जायचं असतं, तेव्हा कळतं.

मी भांडं उचललं तेव्हा आमची ही मागे उभी होती. "त्या स्वयंपाक्याला विचारलंत?" तिने विचारलं.

"अगं, तो बाहेर गेला की मगच आत शिरायचं असतं."

"म्हणजे चोरीच की!"

या ठिकाणी नानांनी प्रवेश केला. नाना आमच्या शेजारचे, चौऱ्याहत्तर वर्षांचे. सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर माणसाला स्वतःच्या हातून एखादी चूक होईल याची जी धास्ती बसते, ती नानांना बसलेली आहे. मुलगी टोरांटोला. तिने पाठवलेला टॅब्लेट कपाटात, खोक्यात, वरच्या प्लॅस्टिकसकट. तिथे चार वर्षांची नात आहे. नाना दर रविवारी बटणांच्या फोनवर तिचा आवाज ऐकतात. तोंड दिसेल असा फोन का करत नाही, म्हटलं तर एकच उत्तर: "आणि भलतंच बटण दाबलं गेलं तर?"

नाना माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि खेळाचं ऑडिट सुरू झालं. चाच्यांवर त्यांचा आक्षेप नव्हता. "इंग्रजांच्या दप्तरात कान्होजी आंग्रेसुद्धा चाचेच होते. आपल्याकडे ते मराठी आरमाराचे सरखेल. चाचा कुणाला म्हणायचं, हे वही कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं." त्यांचा आक्षेप वेगळाच होता. इथे कुणी मरत नाही, हे कळताच ते म्हणाले, "मग यात काय राम? जिथे मरण नाही तिथे धैर्य नाही. जिथे शिक्षा नाही तिथे नीती नाही."

वाक्य टाळी घेणारं होतं. पण या बाबतीत थोडा इतिहास आहे. पूर्वीच्या साहसी खेळांत खेळणाऱ्याला मरणाचा तुटवडा नव्हता. १९८० च्या सुमाराला 'झॉर्क' नावाचा नुसत्या शब्दांचा खेळ विकला जाई. त्यात दिव्याशिवाय अंधारात फिरलं की 'ग्रू' नावाचा प्राणी खाऊन टाकी. १९८४ मध्ये रोबर्टा विल्यम्स यांचा 'किंग्ज क्वेस्ट' आला. त्यातला सरदार खंदकात पडून, उंचावरून घसरून, नाना प्रकारे मरायचा. (हे 'नाना प्रकारे' आमच्या नानांना लागू नाही.) लोक पाऊल टाकण्याआधी खेळ जपून ठेवत, मग मरत, मग मागे येऊन दुसरं पाऊल टाकत. रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये एक लेख लिहून या प्रकाराबद्दल तक्रार केली. काळजीपूर्वक बघणाऱ्याला न मरता शेवटपर्यंत जाता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते करूनही दाखवलं. इतकंच काय, त्यांचा गायब्रश एकदा कड्यावरून कोसळतो, मेल्याची रीतसर पाटी लागते, आणि तेवढ्यात खालच्या रबराच्या झाडावर आपटून स्वारी उडी मारल्यासारखी वर येते.

नानांचा प्रश्न मात्र या खेळाहून पुष्कळ जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची गोष्ट आहे. एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते, आणि तो राजाला मारून राज्य बळकावतो. गोष्ट सांगणाऱ्या ग्लॉकनचा मुद्दा असा, की पकडलं जाण्याची भीती काढून घेतली तर सज्जन आणि दुर्जन एकाच वाटेने जातील. आपण सिग्नलला थांबतो ते कायद्यासाठी की कोपऱ्यावरच्या हवालदारासाठी, याचा रात्री बारा वाजता ज्याने त्याने विचार करावा.

पण ग्लॉकनच्या मुद्द्याला उत्तर मिळालं ते नानांकडूनच, आणि त्यांच्या नकळत. या खेळात कुणाशी बोलायचं झालं की तीन-चार वाक्यं समोर येतात, त्यातलं एक निवडायचं. एक नम्र, एक खोचक, एक चक्क उर्मट. उर्मट बोललं तरी सहसा काही बिघडत नाही. मी खोचक वाक्यावर बाण नेला की नाना माझा हात धरत. "ते नको. वरचं घ्या, सभ्य आहे."

"नाना, हे चाचे आहेत. चित्रातले. आणि इथे शिक्षा नाही."

"नसू दे. वयस्कर दिसतात."

जिथे शिक्षा नाही तिथे नीती नाही, हे त्यांचंच वाक्य अजून खोलीत लोंबकळत होतं. मी त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. शेजारधर्म नावाची एक गोष्ट आहे. पण मनाशी म्हटलं, भीती काढून घेतली की माणसाच्या तळाशी काय शिल्लक आहे ते दिसतं, आणि प्रत्येक वेळी तिथे मेंढपाळच निघतो असं नाही. कधीकधी तिथे हिशेब तपासनीस बसलेला असतो, आणि वयाला मान द्या म्हणतो.

राहिला धैर्याचा मुद्दा. मेले बेटावरची तलवारबाजी हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे. तलवारी आपल्या नावाला खणखणतात. एकाने अपमान करायचा, दुसऱ्याने त्याला चपखल उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही की मागे सरायचं. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबासारखंच, फक्त डफ नाही. समजा कुणी म्हणालं, "तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत!" तर उत्तर द्यायचं, "अरे वा, म्हणजे आकडे येतात तर!" (हा नमुना आमच्या घरचा आहे, खेळातला नाही.) पण सुरुवातीला आपल्याला ना धड सवाल येत ना जवाब. मग शिकायचं कसं? तर हरून. समोरचा चाचा नवा अपमान करतो, तो आपल्या वहीत जमा होतो. तोच आपण दुसऱ्या चाच्यावर टाकायचा. त्याला उत्तर येत असेल तर तो ते आपल्या तोंडावर फेकतो. फेरी आपण हरतो, पण उत्तर आपलं होतं. जो फक्त जिंकायला जाईल त्याला दोन वाक्यांपलीकडे काही येणार नाही.

आणि खरी परीक्षा पुढेच आहे. तलवारबाजीतली उस्ताद कार्ला नावाची बाई आहे. ती शिकलेल्या अपमानांतला एकही वापरत नाही. तिचे सगळे नवे. उत्तरं मात्र जुनीच चालतात, फक्त कुठलं कुठे बसतं ते ओळखावं लागतं. आमच्या शाळेत उत्तर चुकलं की हातावर पट्टी बसायची, म्हणून आम्ही उत्तरं पाठ केली. प्रश्न बदलला की आम्ही संपलो. नाना ओळीने सात चाच्यांकडून हरले. आठव्याला हरवल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "छत्तीस वर्षांत कुणी बोललं नाही हो, की हरणं हेसुद्धा जमेच्या बाजूला धरतात."

एवढ्यावर मी विजय घोषित करून टाकणार होतो. पण नाना साधे नाहीत. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण खाली देशपांड्यांचे पैसे एका फोनवर गेले, ते काही परत आले नाहीत. तिथे हरून काय शिकायचं?"

हे खरं होतं. भीती ही मूर्खपणाची खूण नव्हे. जगात बुडण्याच्या जागा आहेत. आणि तेवढ्यात खेळातही ती जागा आली. चोरीच्या परीक्षेत गव्हर्नरच्या वाड्यातून एक मूर्ती पळवायची असते. ती घेऊन निघालेल्या गायब्रशला शेरीफ त्याच मूर्तीला बांधून समुद्रात ढकलतो. सबंध खेळात आपल्याला मरता येतं ते या एकाच ठिकाणी. दहा मिनिटं श्वास; अकराव्या मिनिटाला खलास. मूळ आवृत्तीत तर तळची क्रियापदंसुद्धा बदलतात: तरंग, फुग, कूज!

नानांनी घड्याळ लावलं. समुद्राच्या तळाशी सुऱ्या, करवती, काय वाटेल ते कापायला पडलेलं होतं. पण सगळं दोरीच्या टप्प्याच्या वीतभर पलीकडे. आम्ही इकडे ताणलं, तिकडे ताणलं. सहा मिनिटं गेली. ही चहा घेऊन आली, तिने एकवार बघितलं आणि म्हणाली, "अहो, ती मूर्तीच उचला ना!"

नानांनी बाण मूर्तीवर नेला. 'उचल' दाबलं. गायब्रशने आपल्याला बुडवणारं ते ओझं सहज काखोटीला मारलं आणि तो वर चालत आला.

नाना बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी कागद मागितला, मधोमध रेघ मारली आणि दोन रकाने आखले. डावीकडे 'इथे बुडतो', उजवीकडे 'इथे बुडत नाही'. डावीकडे तीन नोंदी झाल्या: ओटीपी सांगणे, अनोळखी लिंक दाबणे, न विचारता पैसे पाठवणे. उजवीकडे बाकीचं जग आलं, आणि कागद पुरला नाही. मला वाटतं, धैर्य म्हणतात ते याच रेघेला. आयुष्यभर आपण दहा मिनिटांची भीती सगळ्या बेटावर पसरून ठेवतो. मग गुत्त्यातही श्वास रोखून बसतो, आणि खरोखर पाण्यात पडलो की छातीत हवाच उरलेली नसते.

त्या रविवारी टॅब्लेटवरचं प्लॅस्टिक निघालं. पलीकडे टोरांटोत नातीला पहिली दहा मिनिटं नानांच्या घरचा पंखा दिसत होता. तिने पंख्याला आपली नवी बाहुली दाखवली, गाणं म्हणून दाखवलं. कॅमेरा सरळ कसा करायचा ते नानांना कळलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही वर होता?"

तीन परीक्षा आम्ही पास झालो. आता नाना रोज संध्याकाळी साडेपाचला येतात. मंकी आयलंड गाठायला अजून अवकाश आहे. तिथले नरभक्षक तब्येतीच्या काळजीने शाकाहारी झालेत, असं भाच्याने सांगितल्यापासून नानांना तिथे जायची घाई झाली आहे. आमच्या हिला मात्र चाचे, नरभक्षक, प्लेटो कशाशी काही देणंघेणं नाही. ती चहा ठेवते आणि रोज एवढंच विचारते,

"त्या स्वयंपाक्याचं भांडं परत दिलंत का?"