कोणाच्या नावाच्या किती चिठ्ठ्या

गेल हॉथॉर्न अठरा वर्षांचा आहे आणि चौकातल्या काचेच्या गोळ्यात त्याच्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या आहेत. हा आकडा सुझॅन कॉलिन्स यांनी हवेतून काढलेला नाही. ‘द हंगर गेम्स’मधल्या पॅनेम देशात मूल बारा वर्षांचं झालं की त्याच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन होतात, आणि असं करत अठराव्या वर्षी सात. इथवर गरीब-श्रीमंत सगळे सारखे. पण घरात खायचे वांधे असतील तर जादा चिठ्ठी टाकून माणशी एकेक शिधा उचलता येतो. थोडं धान्य, थोडं तेल, वर्षभर कसंबसं पुरेल एवढं. या जादा चिठ्ठ्याही दरवर्षी साठत जातात. गेलच्या घरात खाणारी तोंडं पाच. म्हणजे वर्षाला एक सक्तीची आणि पाच शिध्याच्या, अशा सहा. सात वर्षांच्या बेचाळीस. सोळा वर्षांच्या कॅटनिस एव्हरडीनच्या घरात तिघी, म्हणून तिच्या वीस. महापौरांच्या मुलीच्या नावावर असून असून किती असणार, फार तर पाच, हे गेल तिला तोंडावर सुनावतो.

२००८ साली आलेल्या या कादंबरीचा विषय निघाला की लोक थेट रिंगणात शिरतात. बारा जिल्ह्यांतली २४ मुलं, जिवंत एकच उरणार आणि सगळं टीव्हीवर. कथानक तेच आहे, त्यात वाद नाही. पण किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या या जीवघेण्या खेळांच्या कथांमध्ये भीती नेमकी कुठे दबा धरून बसलेली असते ते पाहायचं, तर रिंगणाच्या आधीची पानं सावकाश वाचावीत. मुलांना एकमेकांच्या अंगावर सोडण्याची कल्पना कुठल्याही लेखकाला सुचेल. त्याच मुलांच्या आयांनी दरवर्षी पोरांची वेणीफणी करून, ठेवणीतले कपडे घालून त्यांना चौकात आणून उभं करावं, हे घडवून आणायला मात्र फार चोख व्यवस्था लागते.

गेलला ती व्यवस्था कळलेली आहे. जंगलात, जिथे कोणी ऐकणारं नाही तिथे, तो चिडून सांगतो की या शिध्याचा खरा उपयोग पोट भरण्यापुरता नाही; खाणीत राबणाऱ्यांनी दुकानदारांच्या पोरांचा द्वेष करावा, एवढ्यासाठी तो आहे. आणि हे सगळं कळत असूनही महापौरांच्या मुलीचा पांढरा झगा दिसला की त्याच्या तोंडून तिरकसच शब्द निघतो. समज आणि राग यांची अशी फारकत कॉलिन्स दोन-तीन पानांत दाखवून मोकळ्या होतात. पुढे चिठ्ठी निघते ती बेचाळीसवाल्याची नाही आणि वीसवालीचीही नाही. कॅटनिसनं जिला शिध्यासाठी कधी नाव घालू दिलं नाही, त्या बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीची, प्रिमची एकुलती एक चिठ्ठी निघते. सोडत खरी वाटायची असेल तर ती अधूनमधून भलत्यालाच लागावी लागते.

या कल्पनेचं मूळ कॉलिन्स यांनी दोन ठिकाणी सांगितलं आहे. एक, रात्री टीव्हीचे चॅनल बदलताना एकीकडे रिअॅलिटी शोमधली स्पर्धा आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसत होती, ती डोक्यात एकमेकांत मिसळली. दुसरं, लहानपणी वाचलेली ग्रीक कथा: अथेन्सनं ठरावीक वर्षांनी सात मुलगे आणि सात मुली क्रीटला पाठवायच्या, मिनोटॉरच्या तोंडी.

मराठी वाचकाला मिनोटॉरपेक्षा बकासुर जवळचा. आपल्याकडे ती गोष्ट भीमाच्या जेवणापाशी येऊन थांबते. त्यानं गाडाभर अन्न फस्त केलं आणि वर राक्षसालाही लोळवलं, की मुलं खूश. आदिपर्वातली मूळ कथा याहून बरीच व्यवहारी आहे. तिथे बकासुर नगराला नुसता छळत नाही, तो नगराचं रक्षण करतो. त्याच्यामुळे परचक्राची भीती नाही, असं एकचक्रेचा ब्राह्मण कुंतीला सांगतो. त्या रक्षणाचं वेतन म्हणून गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. घराघरानं पाळी ठरलेली. पाळी चुकवू पाहणाऱ्याचं बायकापोरांसकट सगळं घर संपतं. आणि बोलता बोलता तो ब्राह्मण आणखी एक गोष्ट सांगून जातो, ती मुलांच्या गोष्टीत सहसा येत नाही: आपल्याऐवजी पाठवायला माणूस विकत घ्यावा एवढा पैसा त्याच्याकडे नाही. म्हणजे एकचक्रेतही पाळी सगळ्यांना सारखी नव्हती. गाठीला पैसा असला तर ती दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची वाट होती. शिध्याच्या चिठ्ठीमागचं गणित हेच आहे, फक्त उलट बाजूनं मांडलेलं.

पुराणकथा आणि कादंबरी यांच्या मधल्या काळात खरी राज्यंही याच रस्त्यानं गेली आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ च्या सक्तीच्या लष्करभरतीतून ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन सुटता येत असे. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी तर चित्र आणखी ओळखीचं झालं. १ डिसेंबर १९६९ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या काचेच्या भांड्यात निळ्या प्लास्टिकच्या ३६६ कॅप्सूल ठेवल्या होत्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. हात घालून एकेक काढली गेली आणि देशानं ते टीव्हीवर थेट पाहिलं. ज्या तारखा आधी निघाल्या त्या तारखांना जन्मलेल्या तरुणांना बोलावणं आधी. कॅप्सूल नीट कालवल्या न गेल्यानं वर्षाअखेरीस जन्मलेल्यांचे क्रमांक जास्त लवकर लागले, हे संख्याशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिलं. कॉलेजात नाव असेल तर भरती पुढे ढकलता येत होती, आणि कॉलेजात कोणाची मुलं जात होती हे सांगायला नकोच. त्या रात्री पहिली निघालेली तारीख होती १४ सप्टेंबर. ‘द हंगर गेम्स’ प्रसिद्ध झालं तेही १४ सप्टेंबरलाच. हा निव्वळ योगायोग, पण कॉलिन्स यांचे वडील हवाई दलातले अधिकारी होते आणि व्हिएतनामला जाऊन आले होते, हा योगायोग नव्हे. मुलांना युद्ध म्हणजे काय ते समजलं पाहिजे, हा त्या घरातला आग्रह होता.

याच वाटेवर कॉलिन्स यांच्याआधी दोन मुक्काम आहेत. स्टीफन किंगनं रिचर्ड बाकमन या टोपणनावानं १९७९ मध्ये ‘द लाँग वॉक’ लिहिली. शंभर मुलगे चालत सुटतात; वेग ताशी चार मैलांखाली गेला की सूचना, सूचना संपल्या की गोळी. त्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे ही मुलं स्वतःहून अर्ज करून आलेली असतात. दुसरा मुक्काम कौशुन ताकामी यांची १९९९ ची ‘बॅटल रॉयाल’. शाळेचा ४२ मुलांचा एक अख्खा वर्ग बेटावर सोडला जातो, गळ्यात स्फोटक पट्टे. कॉलिन्स यांनी ही कल्पना ढापली असा आरडाओरडा पुष्कळ झाला. आपलं पुस्तक लिहून होईपर्यंत ताकामींचं नावही ऐकलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं आहे. तो वाद तसाही निष्फळ आहे, कारण दोन्ही पुस्तकांची यंत्रं वेगळी. ताकामींच्या राज्याला प्रेक्षक जवळजवळ लागतच नाहीत. कोणी कोणावर विश्वास ठेवू नये, एवढी दहशत त्याला पुरते.

२००० साली ‘बॅटल रॉयाल’वर चित्रपट काढणारे किंजी फुकासाकू तेव्हा सत्तरीला पोचले होते. १९४५ मध्ये, पंधरा वर्षांचे असताना, ते युद्धसाहित्याच्या कारखान्यात कामाला जुंपले गेले होते. कारखान्यावर तोफगोळे पडले, बरोबरीची मुलं मेली आणि त्यांची प्रेतं उचलायचं काम उरलेल्या मुलांवर आलं. मोठ्या माणसांनी आपल्याशी लबाडी केली हा राग त्यांनी पंचावन्न वर्षं जपला आणि शेवटी पडद्यावर उतरवला. जपानी संसदेत चित्रपटावर चर्चा झाली. पंधराखालच्या मुलांना तो पाहायला बंदी झाली, म्हणजे पडद्यावरच्या वर्गातल्या कित्येक मुलांना तो चित्रपटगृहात पाहता आला नसता.

प्रेक्षक हवेतच कशाला, या प्रश्नाचं उत्तर कॉलिन्स यांनी २०२० मध्ये दिलं, ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’मध्ये. गोष्ट दहाव्या खेळांची आहे आणि खेळ चक्क पडलेला आहे. जिल्ह्यांतून आणलेल्या मुलांना प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यात ठेवलंय, रिंगण म्हणजे बॉम्बनं फुटलेलं जुनं स्टेडियम, आणि राजधानीतल्या लोकांना हे बघायचंच नाही. मूळ कल्पनाही कोणा सैतानी मेंदूतून निघालेली नाही. विद्यार्थीदशेत दारूच्या नशेत लिहिलेला गृहपाठ दोस्तानं परस्पर नेऊन दिला, एवढाच तिचा जन्म. मग अठरा वर्षांचा कोरिओलेनस स्नो, नाव मोठं आणि घरात खडखडाट अशा घरातला मुलगा, एक साधी सूचना करतो. लोकांना पैजा लावू द्या. आवडत्या मुलाला पैसे खर्चून अन्न पाठवू द्या. एकदा खिशातला पैसा अडकला की माणूस टीव्ही बंद करत नाही. त्यात तो स्वतःला दयाळूही समजतो, पाव पाठवला म्हणून.

पहिल्या पुस्तकातला गुहेतला प्रसंग या सूचनेचं पिकलेलं फळ आहे. तिच्याच जिल्ह्यातून आलेल्या जखमी पीटाच्या उशाशी बसलेली कॅटनिस त्याचं चुंबन घेते आणि जरा वेळात आकाशातून चांदीच्या पॅराशूटला बांधलेलं गरम सुपाचं भांडं उतरतं. ती हुशार आहे. भाव तिला लगेच कळतो: एका चुंबनाला एक भांडं. त्या क्षणापासून आपलं प्रेम खरं की कॅमेऱ्यासाठी, हे तिचं तिलाही सांगता येत नाही आणि तिसऱ्या भागापर्यंत ती गाठ सुटत नाही. या कादंबरीच्या मागून लाटेवर स्वार होऊन आलेल्या किती कादंबऱ्यांना हे जमलं? ‘डायव्हर्जंट’ मालिका धडाक्यात खपली, पण तिचा शेवटचा चित्रपट कधी निघालाच नाही. रिंगणं, गट, परीक्षा सगळं नकलून झालं. शिध्याचा हिशेब आणि सुपाचा भाव नकलायला अवघड होता.

बाजारानं मात्र हा भाव झटकन ओळखला. २०१३ मध्ये ‘द हंगर गेम्स’चा दुसरा चित्रपट आला तेव्हा कव्हरगर्ल या कंपनीनं राजधानी कॅपिटॉलच्या नावानं सौंदर्यप्रसाधनं काढली. पुस्तकात ज्या रंगरंगोटीची यथेच्छ टर उडवली आहे तीच दुकानात मांडली गेली, तीही बारा जिल्ह्यांच्या नावानं बारा रूपांत. कोरियातल्या ‘स्क्विड गेम’चं तर त्याहून पुढचं. ती मालिका मोठ्यांसाठीची, पण जात तीच. कर्जात बुडालेले ४५६ जण पैशांसाठी जीव पणाला लावतात. मालिका आल्यावर दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, नेटफ्लिक्सनं खरोखरचे ४५६ स्पर्धक जमवून ४५ लाख ६० हजार डॉलरच्या बक्षिसाचा रिअॅलिटी शो काढला. जीव कोणाचाच जाणार नव्हता. बाकी ट्रॅकसूट, बाहुली, डोक्यावर लटकणारी पैशांची पेटी, सगळं जसंच्या तसं.

उलट दिशेनंही वाचन झालं आहे. अमेरिकेत ज्या पुस्तकांवर सर्वाधिक हरकती येतात त्यांच्या वार्षिक यादीत ‘द हंगर गेम्स’ २०१०, २०११ आणि २०१३ साली होतं. पालकांच्या तक्रारीत हिंसेचा मुद्दा ठळक. थायलंडच्या लष्कराला हिंसेशी देणंघेणं नव्हतं. पुस्तकात प्रिमच्या जागी कॅटनिस पुढे होते तेव्हा जमाव टाळ्या वाजवत नाही, तीन बोटं ओठांना लावून हात उंचावतो. मे २०१४ मधल्या सत्तापालटानंतर बँकॉकच्या रस्त्यांवर तीच तीन बोटं वर झाली आणि नव्या राजवटीनं अटकेचा इशारा दिला. नोव्हेंबरात खोन केन इथे पाच विद्यार्थ्यांनी पंतप्रधानांसमोर हात उंचावले, तर त्यांना उचलून नेलं. बँकॉकमधल्या एका चित्रपटगृह कंपनीनं नव्या भागाचे खेळच रद्द केले. २६ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारचे राजदूत चॉ मो टुन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपल्याच देशातल्या लष्करी सत्तेविरुद्ध बोलून तीन बोटं दाखवली. पुस्तकात धोकादायक काय आहे हे पालकांपेक्षा सेनापतींना अधिक अचूक कळलं, असंच म्हणावं लागतं.

२०२५ मध्ये आलेल्या ‘सनराइज ऑन द रीपिंग’मध्ये कॉलिन्स पुन्हा चिठ्ठीपाशी आल्या. या वेळी पन्नासावे खेळ आणि पुढे कॅटनिस-पीटाचा मार्गदर्शक होणारा, तेव्हा सोळा वर्षांचा हेमिच. त्याची चिठ्ठी मुळात निघतच नाही. ज्याची निघते तो पळतो, गोळी खातो; त्या गोंधळात मध्ये पडलेल्या हेमिचला मोकळ्या जागेवर उभं केलं जातं, आणि मग सोडत कॅमेऱ्यासमोर पुन्हा नीट करून घेतली जाते. रिंगणात त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी केलेली मोडतोड लोकांना दिसत नाही, कारण ती कापली जाते. यातली गंमत जुन्या वाचकाला जास्त कळेल. याच खेळांची चित्रफीत कॅटनिस आणि पीटा रेल्वेत बसून पाहतात, तो प्रसंग २००९ च्या दुसऱ्या भागात आहे. तिथे हेमिच एकलकोंडा, चलाख, शेवटी नशीबवान दिसतो आणि त्यावर शंका घ्यावी असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही. राजधानीच्या प्रचारयंत्रणेबद्दल तीन भाग वाचून काढलेले, चाहत्यांच्या बैठकांत तावातावानं बोलणारे लोक तब्बल सोळा वर्षं तीच कापून-जोडून दिलेली फीत खरी धरून चालले होते.